दारातली चटई

बऱ्याच किका मारल्यावर मोटारसायकल एकदाची सुरू झाली आणि बेंदिताला कळून चुकलं, की आता हे ठाणं म्हणजे आपण एकट्या.

"जिल्ह्याला जातो आणि गाडी घेऊन येतो," एउसेबिओ म्हणाला. "तोवर धरून ठेव."

"कोणाला? आत आहे त्याला, की बाहेरून येतील त्यांना?"

एउसेबिओने हेल्मेटचा पट्टा आवळला. तो ठाण्याचा प्रमुख. इंडोनेशियन अमदानीतही तो पोलीसच होता, फक्त गणवेशाचा रंग वेगळा होता. गावात त्याला बघून कोणी थुंकत नसे, पण चाललेलं बोलणं थांबत असे. रानात इंडोनेशियनांशी लढलेला कोमांदान्ते लाकू आला तर एउसेबिओचं तोंड दिसताच त्याचा भडका उडणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. तेव्हा त्याने जाणं शहाणपणाचंच होतं. पण शहाणपणाने निघालेला माणूस आणि पळून निघालेला माणूस पाठमोरे सारखेच दिसतात. बेंदिता त्याच्या पाठीकडे बघत राहिली. वळणावर तो कॉफीच्या झाडांआड गेला. ठाण्याचं एकुलतं एक पिस्तूलही त्याच्या कमरेला लटकून गेलं.

"गेला का तुझा इंडोनेशियन साहेब?" आतल्या खोलीतून गास्पार ओरडला. "आता मलाही सोड बाई. म्हणजे घरी जाऊन निवांत भात शिजवशील."

"ओरडू नकोस," बेंदिता म्हणाली. "घसा बसला तर कोर्टात काय बोलशील?"

गास्पारला तिने आदल्या दिवशी कोंबड्यांच्या झुंजीतून उचललं होतं, सगळ्या गावासमोर. हातकडी घालताना त्याने फक्त एवढंच म्हटलं होतं, की हातातला कोंबडा आधी कोणाला तरी देऊ दे. ती अटक करतेय यावर त्याचा विश्वासच बसला नव्हता. तिचा स्वतःचा तरी कुठे बसला होता?

भानगड आबिलिओची होती. स्वातंत्र्याचं मतदान झालं त्या वर्षी गाव जळालं, तेव्हा आबिलिओ जाळणाऱ्यांत, इंडोनेशियाच्या बाजूच्या मिलिशियात होता. मग तो सीमेपलीकडे पळाला, काही वर्षं छावणीत कुजला आणि शेवटी बायको ओलांदिना आणि मुलांना घेऊन परत आला. गेल्या कोरड्या हंगामात गावाने त्याला भांडणं मिटवायच्या मोठ्या चटईवर बसवलं. त्याने सांगितलं, दवाखान्याचं छप्पर मी पेटवलं, माणूस मात्र मारला नाही. ऐकणाऱ्यांनी शिव्या घातल्या, रडले, पुन्हा शिव्या घातल्या. मग ठरलं, की छप्पर ह्यानेच बांधायचं. त्याने बांधलं. दोन्हीकडच्यांनी एका करंडीतलं पान खाल्लं, चटई गुंडाळली गेली आणि विषय संपला.

संपलाय, असं गास्पारला कोणी सांगितलं नसावं. परवा त्याने आबिलिओचं घर पेटवलं आणि लोखंडी नळीने त्याचा जबडा आणि हात मोडला. आबिलिओ राजधानीत, डिलीच्या इस्पितळात होता, आणि ओलांदिना मुलांना घेऊन दवाखान्याच्या ओट्यावर, नवऱ्यानेच घातलेल्या छपराखाली.

गास्पार कोमांदान्ते लाकूचा पुतण्या. लाकूने सकाळीच निरोप धाडला होता: येतोय. पोराला तयार ठेवा.

बेंदिताने शांतपणे हिशेब मांडला. आतल्या खोलीच्या दाराला कुलूप होतं, पण ते सायकलचं होतं. वायरलेसची बॅटरी उतरलेली. हातात एक दांडुका. प्रशिक्षणात शिकवलं होतं, की बळ वापरायचं ते समोरच्या बळाच्या प्रमाणात. समोर कोयतेवाली दहाबारा माणसं आणि एक रायफल असेल तर दांडुक्याचं प्रमाण काय, ते कोणी शिकवलं नव्हतं. आज गास्पार गेला तर या डोंगरात पुन्हा कोणी पोलिसाच्या बोलावण्याला किंमत देणार नव्हतं. आणि ओलांदिना पोरांना घेऊन परत सीमेकडे चालू लागली असती.

ती उठली आणि समोरच्या वेनांसिओच्या अंगणात गेली. म्हातारा वेनांसिओ म्हणजे गावाचा शब्द सांभाळणारा. पवित्र घराची किल्ली त्याच्याकडे, पूर्वजांची नावं त्याच्याकडे, आणि कोणाच्या भांडणात काय बोलायचं तेही त्याच्याकडेच. बेंदिता त्याला आवो, म्हणजे आजोबा, म्हणायची. तो मक्याची कणसं सोलत बसला होता.

"आवो, मोठी चटई हवी होती."

"कशाला? कोणी मेलं का?"

"अजून नाही."

म्हाताऱ्याने कणीस खाली ठेवलं. "मागतंय कोण? पोलीस, की आउरेलियाची नात?"

"जिला द्याल ती."

"जीभ बघा हिची! आजीवर गेलीस." तो गुडघ्यावर हात रोवून उठला. "अंथरून देतो. पण बोलणार नाही मी, सांगून ठेवतो. लाकूसमोर बोलायचं माझं वय राहिलं नाही."

"वय होतं तेव्हा तरी कुठे बोललात?"

"तेव्हा त्याच्याकडे बंदूक होती."

"आत्ताही आहे, आवो."

"म्हणून तर सांगतोय, बोलणार नाही!"

पण चटई त्याने आणली. केवड्याच्या पानांची, कडा काळसर पडलेली, तीन पिढ्यांच्या भांडणांनी मऊ झालेली. बेंदिता आधी आत गेली आणि मग दोघांनी मिळून ती दारातच पसरली, अशी की एक कड उंबऱ्याच्या आत आली, बाकीची बाहेर ओट्यावर, आणि दोन्ही बाजू चौकटीला भिडल्या. ठाण्याला दार एकच होतं.

मोठी चटई पसरली की पूर्वज येऊन बसतात, आणि मग तिच्यावरून कोणी चालत नाही. बसायचं तर बसावं, नाहीतर बाहेर उभं राहावं. ज्याचं वाकडं झालं तो आणि ज्याने केलं तो, दोघांनी एका करंडीतलं पान खाईपर्यंत ती गुंडाळता येत नाही. हे गावातल्या रांगत्या पोरालाही माहीत. बेंदिताला वाटलं, कुलूप किती टिकेल ते लोखंडावर ठरतं. चटई किती टिकेल ते पलीकडे उभं राहणाऱ्यावर.

ती आतल्या कडेला मांडी घालून बसली. वेनांसिओ बाहेरच्या कोपऱ्यावर बसला, पानाची करंडी मांडीवर घेऊन, गप्प.

लाकू आला तो कॉफीच्या उतारावरून, पायी. लाकू म्हणजे उदमांजर. रानातलं त्याचं नाव ते, आणि आता गावातलंही तेच झालं होतं. पांढरी दाढी, विटलेलं फौजी जाकीट, पायांत रबरी सपाता, खांद्यावर रायफल. मागे त्याची माणसं आणि त्यांच्या मागे, थोडं अंतर राखून, बघायला आलेलं गाव.

तो चटईपाशी थांबला. त्याच्या एका माणसाने सवयीने पाय पुढे टाकला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

"काय गं मीठवाली, दार का अडवलंस?"

लहानपणी भोपळा पोखरून त्यात मीठ आणि विजेरीचे सेल लपवून ती रानात त्याच्याकडे पोचवायची. तेव्हापासून तो तिला त्याच नावाने हाक मारत असे. नात्याने तो तिचा कोणी नव्हता. तरी तो तिचा तिऊ, म्हणजे काका होता.

"दार उघडंच आहे, तिऊ."

"दिसतंय मला. मग त्याला बाहेर काढ."

"तो कोर्टात जाणार आहे."

"कोर्टात!" लाकू गावाकडे वळून म्हणाला. "ऐकलंत? माझ्या पुतण्याचा न्याय आता डिलीत होणार. कोण करणार? ज्यांना आपल्या डोंगराचं नावसुद्धा नीट घेता येत नाही ते." मग तो वेनांसिओवर घसरला. "आणि म्हाताऱ्या, ही चटई तू दिलीस हिला?"

वेनांसिओने तोंड उघडलं, मिटलं. काय बोलावं हे त्याला सुचलं नाही. पण त्याच्या हाताला सुचलं. चटईच्या कडेला माणूस येऊन उभा राहिला, की तो हात आयुष्यभर एकच काम करत आला होता: त्याने करंडी पुढे केली. आणि लाकूचा हातही त्याच डोंगरात वाढलेला होता. म्हाताऱ्याने करंडी पुढे केली की पान उचलायचं, हे त्या हाताला रायफलीच्या कितीतरी आधी शिकवलेलं होतं. रागाने बेंदिताकडे बघता बघताच त्याने पान उचललं, सुपारीचा तुकडा घेतला, चुना लावला आणि तोंडात टाकलं.

दोनदा चावलं. मग त्याचा जबडा थांबला.

सगळ्या गावाने पाहिलं होतं. कोमांदान्तेने चटईवरचं पान खाल्लं, म्हणजे भांडणात तो आता एक बाजू झाला. थुंकून टाकायचं तर ते पूर्वजांच्या तोंडावर. बसायचं नाही म्हटलं तरी तेच. बेंदिताने हे योजलं नव्हतं. वेनांसिओने तर नाहीच नाही. तो करंडीकडे असा बघत होता, जणू तिने आपण होऊन उडी मारली होती.

"तुझ्या मायला," लाकू हळूच म्हणाला. मग त्याने खांद्यावरची रायफल उतरवून मागच्या माणसाकडे दिली, कारण चटईवर शस्त्र आणत नाहीत. सपाता काढल्या, आणि बसला.

"तिऊ, काय करताय?" आतून गास्पारचा आवाज आला. त्याला फक्त उजेडाची फट दिसत होती. "ओढा ना तिला बाजूला!"

"गप ए गाढवा. बसलोय मी."

"बसलाय? कशाला बसलाय?"

गावातले काही जण हसले. लाकूने त्या बाजूला नुसती मान वळवली आणि ते थांबले.

"बरं, बोलतो," तो म्हणाला. "बसलोच आहे तर सगळ्यांसमोर बोलतो. चोवीस वर्षं मी रानात होतो. मुळं खाल्ली, सरडे खाल्ले. दोन भाऊ पुरले, तेही हातांनी माती उकरून. आणि मग देश झाला. नवीन फौजेत भरती निघाली, तेव्हा मला विचारलं, वाचता येतं का? नाही म्हटलं. मग म्हणाले, घरी जा, आणि जाताना बंदूक ठेवून जा. आणि तो एउसेबिओ? इंडोनेशियनांच्या बाजूने आम्हाला हुडकत फिरायचा. त्याला वाचता येतं. त्याला नवा गणवेश, नवी मोटारसायकल. हे तुझं सरकार, मीठवाली. सांग, खोटं बोलतोय का मी?"

"नाही," बेंदिता म्हणाली.

तिने नाही म्हणावं हे त्याला अपेक्षित नसावं. 

"खरं आहे ते," ती म्हणाली. "तुमच्यावर अन्याय झाला. डिलीला जाऊन कोणाला सांगायचं असेल तर मी बरोबर येते, माझ्या गणवेशात येते, आणि तुमचं म्हणणं लिहून मोठ्याने वाचून दाखवते. पण आबिलिओचा जबडा गास्पारने मोडलाय. तो कोणत्या सरकारने नाही मोडला."

"मिलिशियावाल्याचा जबडा!"

"याच चटईवर बसून गेलेल्या माणसाचा."

लाकूने पान एका गालातून दुसऱ्या गालात ढकललं.

ऊन ओट्यावर चढत गेलं. लाकू बोलला, बेंदिता बोलली, पुन्हा तेच सगळं. शेवटी लाकूने म्हाताऱ्याला कोपराने ढोसलं. "बोल आता. शब्द तुझ्याकडे असतो ना? मग काढ."

वेनांसिओने घसा खाकरला. बेंदिताकडे न बघता तो म्हणाला, की गास्पारच्या घराण्याने एक डुक्कर द्यावं. एक विणलेली ताईस, मानाचं वस्त्र, द्यावी. गास्पारने मान खाली घालावी आणि आपल्या घरी जावं. पूर्वी अशीच भांडणं मिटत आली आहेत.

माना हलल्या. लाकूचीही हलली. जमलेल्या सगळ्यांच्या अंगातून श्वास सुटल्यासारखा झाला, आणि बेंदितालाही ते जाणवलं. इतकं सोपं होतं. तिने हो म्हणायचं, चटई गुंडाळायची. कोणाला खरचटणारही नाही, संध्याकाळी डुक्कर शिजेल, आणि एउसेबिओ येईल तेव्हा ती म्हणेल, मिटवलं. कोणी तिला दोष दिला नसता. कौतुकच झालं असतं.

"मी कोण हो म्हणणारी?" ती म्हणाली. "जबडा माझा मोडला नाही, घर माझं जळलं नाही. ज्यांचं जळलं त्यांना कोणी विचारलं का?"

"तो इस्पितळात आहे," कोणीतरी म्हणालं.

"त्याची बायको नाहीये इस्पितळात."

सगळ्यांनी चिंचेच्या झाडाकडे पाहिलं. ओलांदिना बुंध्याला टेकून उभी होती, धाकटं मूल काखेत घेऊन. ती कधी आली, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. किंवा आलं होतं, पण तिच्याकडे बघायचं नाही ही आता गावाची सवय झाली होती. तिने मूल थोरलीकडे दिलं आणि चालत आली. लोकांनी वाट दिली, ती आदराने नाही, अंगाला अंग लागू नये म्हणून. ती वाकली, चटईवर आली आणि लाकूच्या बरोबर समोर बसली.

लाकूनेच करंडी तिच्यापुढे सरकवली. तिने तिच्यावर तळहात ठेवला आणि करंडी परत ढकलली.

"डुक्कर नको," ती म्हणाली.

"मग काय, म्हैस पाहिजे?" लाकूचा एक माणूस मागून बोलला. हशा झाला.

ती हशा संपेपर्यंत थांबली. "माझ्या नवऱ्याने छप्पर जाळलं," ती म्हणाली. "खरं आहे. इथेच बसून स्वतःच्या तोंडाने सांगितलं त्याने. तुम्ही त्याला शिव्या दिल्या, मला दिल्या, पोरांना दिल्या. मी ऐकल्या. मग त्याने छप्पर बांधलं. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी पान खाल्लं. कोमांदान्ते, तुम्हीही खाल्लंत. मी बघत होते."

"खाल्लं," लाकू म्हणाला.

"मग ते पान खोटं होतं म्हणा. एवढंच म्हणा. मी आत्ता उठते, पोरांना घेते आणि परत सीमेकडे जाते. तुम्हाला पुन्हा तोंड दाखवणार नाही. आणि खोटं नव्हतं, तर ते मोडणाऱ्याला जिथे जाब विचारतात तिथे जाऊ दे."

"मिलिशियावाल्याची बायको मला पानाचं सांगते?"

"हो," ओलांदिना म्हणाली. "सांगते."

तिचा आवाज चढला नव्हता. लाकू उत्तर देणार होता. तोंड उघडलंही. पण ते पान खोटं होतं, हे शब्द चटईवर बसून उच्चारणं त्याला जमेना, आणि ते सोडून म्हणण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात खालच्या वळणावर गिअर बदलल्याचा आवाज आला. निळा ट्रक धुरळा उडवत वर चढला आणि एउसेबिओ पुढच्या सीटवरून उतरला. मागून जिल्ह्याचे चार पोलीस उतरले. तो परत आला होता. बेंदिताने मनातल्या मनात त्याची माफी मागितली, आणि उठताना तिची नजर पायांपुढच्या चटईवर गेली.

लाकूच्याही ते त्याच क्षणी लक्षात आलं. तो आधी गालात हसला, मग मोठ्याने.

"आण ना त्याला बाहेर," तो म्हणाला. "आण, आण! कुठून आणतेस?"

गावातून हास्याची लाट गेली. बेंदिताचे कान तापले. सकाळी तिने फक्त आत येणाऱ्यांचा विचार केला होता. बाहेर जायचंय कोणाला, हा प्रश्न तिने मांडलाच नव्हता. स्वतःच्या हाताने तिने आपल्याच ठाण्याचं एकुलतं एक दार बंद केलं होतं. आणि विषय मिटल्याशिवाय ते उघडणार नव्हतं.

जिल्ह्याच्या पोलिसांपैकी एक शहरी पोरगा पुढे झाला. "काय नाटक आहे हे? उचला ती चटई," तो म्हणाला आणि त्याने बूट उचलला. सगळं गाव एकदम ओरडलं. लाकूची माणसं ओरडली, वेनांसिओ ओरडला, ओलांदिनाही ओरडली. एउसेबिओने त्या पोराचा पट्टा मागून धरला आणि त्याला असा खेचला, की तो धुळीत बसला.

"तो पाय टेकवलास," एउसेबिओ त्याला म्हणाला, "तर आजपासून या डोंगरात पोलिसाला पाणीसुद्धा मिळणार नाही. कळलं?"

लाकूने त्याच्याकडे पाहिलं, नीट, बहुधा पहिल्यांदाच. पण बोलला तो बेंदिताशी. "हे बघ मीठवाली, तू हुशार आहेस. डुक्कर घ्या, पान खाऊ द्या, चटई गुंडाळा. मग दार मोकळं. मग बघू तो ट्रकमध्ये चढतो की माझ्याबरोबर येतो."

वेनांसिओने आशेने ओलांदिनाकडे पाहिलं. ती करंडीकडे बघतही नव्हती. ती बेंदिताकडे बघत होती.

बेंदिता आत गेली. आतल्या खोलीचं कुलूप काढून गास्पारच्या शेजारून पलीकडे गेली आणि मागच्या भिंतीवर हात ठेवला. पुढची भिंत पोर्तुगीजांच्या काळची, हातभर जाड दगडी. मागची मात्र गाव जळालं त्या आगीत कोसळली होती, आणि तिथे ताडाच्या देठांचा कूड घालून वर पत्रा ठोकला होता. हातानेही तो हलत होता.

ती दारात परत आली. "साहेब, मागच्या बाजूला या," तिने एउसेबिओला हाक दिली. "येताना कोणाचा तरी कोयता आणा."

"काय करतेस?" लाकूने विचारलं.

"भिंत पाडते."

"सरकारची भिंत?"

"सरकारचीच. पूर्वजांची नाही. उद्या परत बांधू."

आता कोणी हसलं नाही. ती उंबऱ्याच्या आतून त्याच्याकडे बघत होती. "तिऊ, ती भिंत तुम्हालाही माहीत होती. सकाळी मागून शिरला असता तर मी काय करणार होते? पण तुम्हाला त्याला दारातून न्यायचं होतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मला कुठूनही चालेल."

मागून कोयत्याचा पहिला घाव ऐकू आला. मग दुसरा. ताडाची देठं कडकडली.

लाकूची माणसं हलली. ज्याच्याकडे रायफल होती त्याने ती हातांत आडवी घेतली आणि ठाण्याच्या कोपऱ्याकडे दोन पावलं टाकून मागे वळून पाहिलं. सगळ्यांनीच वळून पाहिलं. त्यांना फक्त एका शब्दाची गरज होती. शब्दाचीही नाही. तो उठला असता तरी पुरलं असतं.

लाकूने गुडघ्यावर तळवा टेकला.

"उठा," ओलांदिना म्हणाली. "उठायचं तर उठा. चटई पसरलेली आहे आणि सगळे बघतायत."

"जासिंतो," वेनांसिओ म्हणाला. लाकूचं आईबापांनी ठेवलेलं नाव गावाने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "बस, जासिंतो. माझ्या हातचं पान आहे ते."

कोयत्याचे घाव चालूच होते. लाकूच्या हातावरच्या शिरा ताठ झाल्या. बेंदिताला वाटलं, हा उठणार. तिने दांडुक्यावर हात ठेवला, आणि तो हास्यास्पद आहे हे माहीत असूनही काढला नाही.

मग लाकूने हात मांडीवर घेतला.

"बंदूक खाली कर," तो मागे न बघता म्हणाला. "खाली कर म्हणतो ना!" आणि बेंदिताला: "हरलो असं समजू नकोस. मी बसलोय."

"दिसतंय, तिऊ."

कूड फुटला. बेंदिताने आणि एउसेबिओने गास्पारला मागून वळसा घालून ट्रककडे आणलं, केसांत ताडाचा भुसा, हातांत बेड्या. काकाला असा मांडी घालून बसलेला पाहिल्यावर त्याचे पाय थबकले. "तिऊ! तुम्ही काहीच करणार नाही?"

"येईन मी तिथे," लाकू म्हणाला. "तुझ्यासाठी नाही. तो न्यायाधीश कोण आहे ते बघायला. सरळ उभा राहा त्याच्यासमोर, आणि रडू नकोस."

ट्रक निघाला. एउसेबिओ कैद्याच्या शेजारी बसला. जाताना त्याने पिस्तूल बेंदिताकडे दिलं नाही आणि तिनेही मागितलं नाही. ती मागच्या भगदाडातून वाकून आत आली, खोलीतून चालत पुढे गेली आणि चटईच्या आतल्या कडेला आपल्या जागेवर बसली.

गाव पांगलं नव्हतं. चटई पसरलेलीच होती. ओलांदिनाने पाय दुमडून नीट बैठक मारली.

"आता माझ्या घराचं बोलू," ती म्हणाली. "चार भिंती, एक छप्पर. कोण बांधणार?"

लाकूने लाल थुंकी करवंटीत टाकली. "बोल."

"आणि ते झालं की तुमच्या बंदुकीचं," बेंदिता म्हणाली.

"तुझी ड्युटी संपली नाही का गं?"

"ठाण्याला मागची भिंत नाही, तिऊ. आज मला इथेच बसावं लागणार."